टीबीच्या रुग्णाच्या रक्तातल्या एनके पेशी कशा पाहाव्यात

मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेकमध्ये एम.एस्सी. करणाऱ्या आणि प्रोजेक्टला 'टीबी आणि एनके पेशी' हा विषय घ्यायचं मनात असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. नागपुरात राहून हे काम जमतं का, असं सगळेच विचारतात. जमतं. मेडिकलला आणि मेयोला, म्हणजे गावातल्या दोन सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत, चेस्टच्या ओपीडीत टीबीचे रुग्ण रोज येतात. बजाज नगरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूटमध्ये टीबीच्या मेंदूज्वरावर वर्षानुवर्षं काम झालं आहे, आणि पलीकडे सेवाग्रामला टीबीच्या अँटीजेनवर काम करणारी जुनी प्रयोगशाळा आहे. रुग्ण, जाणकार, मशीन असं सगळं आवाक्यात आहे. पण मशीनचा, म्हणजे रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरचा, आलेख खरा येणार की खोटा, हे रक्त मशीनपर्यंत पोचायच्या आधीच ठरलेलं असतं. म्हणून मी त्या आधीच्या तासांवर जास्त लिहिणार आहे.

आधी पेशीचं काम समजून घ्या

एनके म्हणजे नॅचरल किलर. १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये किसलिंग, क्लाइन आणि विग्झेल यांना, आणि त्याच सुमारास अमेरिकेत हर्बरमन यांना, या पेशी वेगवेगळ्या कामांतून दिसल्या. आधी कसलीही लस किंवा ओळख दिलेली नसतानाही काही लिम्फोसाइट कॅन्सरच्या पेशी मारत होत्या. पुढे १९८६ मध्ये क्लास कारे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या पेशीच्या अंगावरून एमएचसी वर्ग १ हे प्रथिन नाहीसं झालं आहे, तिला एनके पेशी मारते. म्हणजे तिच्यावर दोन बाजूंनी संकेत येत असतात, थांबवणारे आणि चालना देणारे. ज्यांचं पारडं जड, तसं ती वागते.

टीबीत हे कुठे बसतं ते बघा. जंतू श्वासावाटे फुप्फुसात जातो, तिथल्या मॅक्रोफेजच्या पोटात शिरतो आणि ज्या पिशवीत तो अडकलेला असतो ती लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचवणाऱ्या पिशवीला, जुळू देत नाही. टी पेशी तयार होऊन यायला आठवडे लागतात. संसर्ग झाल्यावर माँटूची, म्हणजे कातडीत टोचून करायची, चाचणी पॉझिटिव्ह यायला २ ते ८ आठवडे जातात, ते याचमुळे. या मधल्या काळात ज्या पेशी जागेवर हजर असतात, त्यांत एनके येतात. मॅक्रोफेजने सोडलेल्या आयएल-१२ आणि आयएल-१८ या सायटोकाइनने, म्हणजे पेशींमधल्या निरोप्या प्रथिनांनी, त्या जाग्या होतात आणि इंटरफेरॉन गॅमा सोडतात, त्याने मॅक्रोफेजची मारण्याची ताकद वाढते. त्या आयएल-२२ सुद्धा सोडतात, आणि त्यामुळे अडलेली पिशवी लायसोसोमला जुळायला मदत होते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. याशिवाय त्या संसर्ग झालेली पेशी थेट मारतात. टेक्सासमधल्या टायलर इथे रामकृष्ण वंकायलपती यांच्या गटाने दाखवलं की जंतू शिरलेल्या मोनोसाइटच्या पृष्ठभागावर व्हिमेंटिन आणि यूएलबीपी-१ ही प्रथिनं वाढतात. एनके पेशीवरचा एनकेपी-४६ हा रिसेप्टर व्हिमेंटिनला ओळखतो, आणि एनकेजी-२डी हा यूएलबीपी-१ ला. मग पर्फोरिन भोकं पाडतं आणि ग्रॅन्युलायसिन आतल्या जंतूपर्यंत पोचतं.

इथपर्यंत वाचलं की मुलं लगेच प्रस्तावनेत लिहितात, 'एनके पेशी टीबीपासून संरक्षण करतात.' असं सरसकट लिहू नका. २००३ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात टीबीच्या संसर्गात फुप्फुसात एनके पेशी वाढल्या खऱ्या, पण त्या काढून टाकल्यावर जंतूंच्या संख्येत फरक पडला नाही. २००६ मध्ये ज्या उंदरांना टी पेशीच नव्हत्या, त्यांच्यात मात्र एनके पेशींच्या इंटरफेरॉन गॅमाने जीव तगवलेला दिसला. शिवाय उंदरांत ग्रॅन्युलायसिन नसतंच, त्यामुळे माणसाबद्दलचा निकाल उंदरावरून देता येत नाही. माणसांबद्दलचं सगळ्यात मोलाचं काम २०१८ मध्ये नेचरमध्ये आलं. वेगवेगळ्या देशांतल्या गटांचं रक्त तपासल्यावर दिसलं की सुप्त संसर्ग असलेल्यांत एनके पेशींचं प्रमाण जास्त असतं, आजार उफाळला की ते घटतं आणि उपचार झाले की पुन्हा जागेवर येतं. फुप्फुसातली सूज जितकी जास्त तितका रक्तातला एनकेचा वाटा कमी. तुमचा प्रोजेक्ट याच्याच आधाराने उभा राहू शकतो, कारण हे सगळं शिरेतल्या रक्तावर मोजता येतं.

फक्त एक ध्यानात ठेवा. रक्तात कमी झाल्या म्हणजे मेल्या असं नव्हे, फुप्फुसात किंवा छातीच्या पाण्यात गेल्या असतील. टीबीच्या छातीच्या पाण्यात इंटरफेरॉन सोडणाऱ्या एनके पेशी एकवटलेल्या सापडतात.

कोणाचं रक्त घ्यायचं

तीन गट पुरेत: थुंकीत सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासण्या) टीबी सापडलेले आणि औषध अजून सुरू न झालेले रुग्ण, त्यांच्याच घरातले आयजीआरए (टीबीचा संसर्ग दाखवणारी रक्ताची चाचणी) पॉझिटिव्ह पण धडधाकट लोक, आणि आयजीआरए निगेटिव्ह धडधाकट लोक. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी दिली जाते, म्हणून नुसत्या माँटूवर गट पाडू नका. आयजीआरएमधले ईएसएटी-६ आणि सीएफपी-१० हे अँटीजेन बीसीजीच्या जंतूत नसतात, त्यामुळे लस आणि संसर्ग यांची गल्लत होत नाही. किट महाग आहे, गाइडशी आधीच बोलून ठेवा.

'औषध सुरू न झालेले' ही अट नवख्यांना जड जाते, कारण निदान झालं की त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं आणि होतंही. तुमच्या नळीसाठी कोणाचीही गोळी एक दिवससुद्धा पुढे ढकलली जाता कामा नये. ओपीडीत सकाळी नऊपासून बसा, रिपोर्ट हातात आला की बोला, रक्त घ्या, आणि रुग्णाला औषधाच्या खिडकीपर्यंत स्वतः सोडून या.

उपचार सहा महिन्यांचे, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. एका सेमिस्टरमध्ये उपचार संपल्यानंतरचं रक्त मिळणं अशक्य, म्हणून दुसरा नमुना दोन महिन्यांनी घ्या आणि तेवढ्यावरच बोला.

संमतीपत्र मराठीत हवंच, पण हिंदीतही हवं. नागपुरात शिवनी, बालाघाट, छिंदवाड्याहून आणि छत्तीसगडहून कामाला आलेली माणसं खूप आहेत. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत एकाही माणसाला सुई लावायची नाही. रक्त पाच मिलीच घ्या. टीबीचा रुग्ण आधीच खंगलेला असतो, हिमोग्लोबिन कमी असतं. 'बाई, आधीच अंगात रक्त नाही, अन् तुम्ही काढून राहिल्या,' असं मला एका मावशींनी म्हटलं होतं. त्यांना मी चहाचा चमचा दाखवला: असा एक चमचा, इतकंच. त्यांनी हात पुढे केला. लोकांना प्रमाण डोळ्यांनी दिसलं की भीती जाते, हे प्रत्येक वेळी करा.

एचआयव्ही आणि साखर या दोन तपासण्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रत्येक टीबी रुग्णाच्या होतात. ते निकाल परवानगीने तुमच्या तक्त्यात घ्या, कारण दोन्हींनी एनके पेशी बदलतात. वय, तंबाखू आणि बिडी, स्टेरॉइडच्या गोळ्या, हेही विचारा. तिन्ही गटांतल्यांचं रक्त शक्यतो एकाच वेळेला, सकाळी घ्या.

नळी आणि ऊन

पेशी जिवंत ठेवून काम करायचं तर हिरव्या झाकणाची सोडियम हेपॅरिनची नळी. त्याच सुईतून, त्या पाच मिलीतलेच दोन मिली जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत, हिमोग्रामसाठी. ही दुसरी नळी मुलं विसरतात आणि शेवटी रडतात. तिचा उपयोग पुढे सांगते.

रक्त १८ ते २५ अंशांत राहायला हवं. बर्फावर ठेवायचं नाही आणि तापूही द्यायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत हे सोपं आहे. एप्रिलपासून मात्र आपल्या गावात पारा चाळिशी ओलांडतो आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत, ४५ च्या पुढे जातो. मेडिकल चौकातून अमरावती रोडच्या कॅम्पसला दुपारी निघालात, पंचशील चौकात सिग्नलला अडकलात, आणि नळ्या स्कूटीच्या डिक्कीत असल्या तर लॅबमध्ये पोचतात त्या अर्धमेल्या पेशी. रक्त दिसायला ठीकच असतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. डिक्कीत नळ्या कधीच ठेवू नका. थर्माकोलचा डबा घ्या. त्यात जेल पॅक ठेवा, तोही गोठवलेला नाही, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गार केलेला. पॅक आणि नळ्या यांच्यामध्ये जाड टॉवेलची घडी, आणि नळ्यांना लागून साधा डिजिटल थर्मामीटर. निघताना आणि पोचल्यावर आकडा वहीत. डबा मांडीवर घेऊन ऑटोने जा. रक्त काढल्यापासून चार-सहा तासांत काम सुरू झालं पाहिजे.

माझं ऐकाल तर नमुने जुलै ते फेब्रुवारी गोळा करा. ते फक्त रक्तासाठी नाही. कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर हवा तापवतो, गार करत नाही. आत ३७ अंश हवे असतील तर बाहेरची खोली त्याहून चार-पाच अंश तरी गार असावी लागते. कूलरवर चालणाऱ्या खोलीत, मे महिन्यात, दुपारी वीज गेली की आतला आकडा ३९ वर सरकतो आणि सहा तासांचा प्रयोग गेला.

पेशी वेगळ्या करणं

रक्त बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा. रक्तात टीबीचा जंतू सापडणं दुर्मिळ, पण कावीळ आणि एचआयव्हीचा धोका प्रत्येक नळीत धरून चालायचं. वॉर्डात जाताना मात्र एन-९५ मास्क, कारण तिथे धोका हवेत असतो. जिवंत, रोगकारक टीबीच्या जंतूवर काम करायला तिसऱ्या स्तराची लॅब लागते. ते तुमच्या प्रोजेक्टमध्ये आणू नका. मारलेला जंतू, पीपीडी (टीबीच्या जंतूची शुद्ध केलेली प्रथिनं) किंवा बीसीजी वापरून भरपूर काही करता येतं.

रक्तात तितकंच पीबीएस (मिठाचं बफर द्रावण) मिसळा. पेशी घनतेनुसार वेगळ्या करायला फायकॉल हे जड द्रावण वापरतात, त्याची घनता १.०७७. नळीत आधी फायकॉल, मग नळी तिरपी धरून पिपेटचं टोक काचेला टेकवून रक्त थेंबाथेंबाने वर सोडा. दोन थरांमधली रेघ सुरीने कापल्यासारखी राहिली पाहिजे. रेघ मोडली तर तो नमुना पुढे नीट वेगळा होत नाही, म्हणून या पाच मिनिटांत फोन बाजूला आणि बोलणं बंद. मग सेंट्रिफ्यूजमध्ये २० अंशांवर, ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक बंद. मशीनवर जी नसून आरपीएम असेल तर हिशोब करा: ०.००००१११८ गुणिले रोटरची त्रिज्या सेंटीमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग. १६ सेंटीमीटर त्रिज्येला ४०० जी म्हणजे साधारण १,५०० आरपीएम. सीनियरने सांगितलेला आरपीएम डोळे झाकून लावू नका, त्याचा रोटर वेगळा असतो.

इथेही तापमानच. फायकॉल फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तर ते जास्त घन असतं, आणि ग्रॅन्युलोसाइट व लाल पेशी वरच अडकून तुमच्या पेशींत मिसळतात. तापलेलं असलं तर घनता उतरते आणि लिम्फोसाइटच तळाला जाऊन बसतात. 'मॅडम, रिंगच नाही येऊन राहिली,' ही तक्रार एप्रिलमध्ये आली की मी आधी सेंट्रिफ्यूजच्या आतलं तापमान विचारते.

सगळं नीट झालं तर वर पिवळसर प्लाझ्मा, खाली पारदर्शक फायकॉल आणि मध्ये दुधावरच्या कोवळ्या सायीसारखा पांढुरका थर. तो फिरवत फिरवत उचला, फायकॉल कमीत कमी ओढा, ३०० जीवर दोनदा धुवा. ट्रायपॅन ब्लू घालून न्यूबॉवर चेंबरमध्ये मोजा. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. जिवंत ९० टक्क्यांहून कमी असतील तर पुढचं महागडं अँटीबॉडीचं मिश्रण त्या नमुन्यावर खर्च करू नका.

मिलीमागे ढोबळमानाने दहा लाख पेशी मिळतात. रुग्णाकडून त्याहून कमीही मिळतील.

पेशी गोठवून ठेवायचा मोह होईल. नुसतं मोजायचं असेल तर चालतं, पण गोठवून वितळवलेल्या एनके पेशींची मारण्याची ताकद उतरते. कामाचा प्रयोग ताज्या पेशींवरच करा.

रंग आणि गेट

पेशीच्या अंगावरच्या खुणेच्या प्रथिनांना सीडी आणि पुढे क्रमांक अशी नावं आहेत. त्यांना रंगीत अँटीबॉडी चिकटवायची आणि आलेखावर हव्या त्या पेशींभोवती रेघ मारायची, त्यालाच गेट म्हणतात. एनके पेशीची साधी ओळख: सीडी-३ नाही, सीडी-५६ आहे. सीडी-३ वगळायलाच हवं, कारण काही टी पेशींच्या अंगावरही सीडी-५६ असतं. यांत पुन्हा दोन जाती. सीडी-५६ मध्यम आणि सीडी-१६ भरपूर असलेल्या, या रक्तातल्या एनकेपैकी साधारण ९० टक्के, मारण्यात तरबेज. आणि सीडी-५६ ठळक असलेल्या, साधारण १० टक्के, सायटोकाइन सोडण्यात पुढे. दोन्ही वेगळ्या मोजा.

किमान पॅनल असं: मेलेल्या पेशींचा डाय, सीडी-३, सीडी-१४, सीडी-१९, सीडी-५६, सीडी-१६ आणि एनकेपी-४६. पैसे उरले तर एनकेजी-२डी. आधी एफसी ब्लॉक (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू न देणारं द्रावण), मग अँटीबॉडी, ४ अंशांवर अंधारात अर्धा तास. मशीन दुसऱ्या संस्थेत असेल तर शेवटी १ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये पेशी पक्क्या करा. फ्रिजमध्ये, फॉइलमध्ये गुंडाळून दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात.

टीबीच्या कामात एक सापळा खास आहे. या आजारात सीडी-१६ असलेले मोनोसाइट वाढतात. तुम्ही 'सीडी-३ नाही, सीडी-१६ आहे' एवढ्यावर गेट लावलं, तर ते मोनोसाइट एनके म्हणून मोजले जातील आणि रुग्णांत एनके वाढल्याचा उलटाच निष्कर्ष निघेल. म्हणून आधी एकेरी पेशी, मग जिवंत, मग लिम्फोसाइटचा पट्टा, मग सीडी-१४ आणि सीडी-१९ बाहेर, मग सीडी-३ बाहेर, आणि त्यानंतरच सीडी-५६ समोर सीडी-१६. एनकेपी-४६ जवळजवळ फक्त एनके पेशींवरच असतो, तो शंका फेडायला. प्रत्येक रंग वगळून एकेक कंट्रोल नळी ठेवा, नाहीतर रेघ कुठे मारायची हे मनावर राहतं.

पेशी काम करते का

नुसती संख्या अर्धीच गोष्ट सांगते. के-५६२ ही ल्युकेमियाची पेशीजात घ्या. तिच्या अंगावर एचएलए वर्ग १ (माणसातलं एमएचसी वर्ग १) जवळजवळ नसतं, म्हणून एनके पेशी तिच्यावर तुटून पडते. दोन्ही समसमान मिसळा, सुरुवातीलाच सीडी-१०७ए ची अँटीबॉडी घाला, तासाभराने मोनेन्सिन आणि ब्रेफेल्डिन (इंटरफेरॉन पेशीबाहेर न जाऊ देणारी द्रव्यं), आणि एकूण पाच-सहा तास ३७ अंशांवर. एनके पेशीने आपले दाणे बाहेर टाकले की सीडी-१०७ए पृष्ठभागावर येतं. नंतर पेशी पक्क्या करून, भोकं पाडून आतलं इंटरफेरॉन गॅमा रंगवा. एक नळी नुसत्या पेशींची, एक आयएल-१२ आणि आयएल-१८ ची, ती पॉझिटिव्ह कंट्रोल. एक मारलेल्या जंतूची किंवा बीसीजीची. चालना मिळाली की पेशी आपलं सीडी-१६ कातरून टाकते, त्यामुळे सीडी-१६ चा आकडा फक्त चालना न दिलेल्या नळीतून घ्या.

आकड्यांचा हिशोब

आता ती जांभळी नळी. समजा धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी ७,०००, लिम्फोसाइट ३० टक्के, त्यांत एनके १० टक्के. म्हणजे मायक्रोलीटरमागे २१० एनके. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी ८,०००, पण लिम्फोसाइट १५ टक्के, एनके तेच १० टक्के. म्हणजे १२०. फ्लोचा आलेख दोघांना १०-१० टक्के दाखवेल आणि तुम्ही लिहाल 'फरक नाही.' प्रत्यक्षात पेशी निम्म्याच्या आसपास आल्या आहेत. टीबीत लिम्फोसाइट उतरतात, म्हणून टक्का आणि प्रत्यक्ष संख्या दोन्ही द्या.

रुग्ण थोडे असतील तर सरासरीऐवजी मध्यक द्या आणि प्रत्येक माणसाचा ठिपका आलेखावर दाखवा. त्याच रुग्णाचे आधीचे आणि दोन महिन्यांनंतरचे ठिपके रेघेने जोडा. मला कुठल्याही पी-व्हॅल्यूपेक्षा त्या रेघा पाहायला आवडतात, कारण कोणाच्या पेशी परत येत आहेत आणि कोणाच्या नाहीत ते त्यात दिसतं. ज्याच्या येत नाहीत, त्याची साखर आणि गोळ्या नियमित सुरू आहेत का, हे वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारा.

घरातल्यांपैकी ज्यांची आयजीआरए पॉझिटिव्ह आली, त्यांचे कागद प्रबंधासाठी फायलीत पडून राहू देऊ नका. निकाल येईल त्याच आठवड्यात त्यांना घेऊन जवळच्या टीबी केंद्रावर जा. एक्स-रे होईल, आजार नसल्याची खात्री होईल आणि प्रतिबंधक गोळ्या सुरू होतील. केंद्रावरचे आरोग्यसेवक फोन नंबर आणि पत्ता विचारतात, तो तुमच्या फॉर्मवर नीट लिहिलेला असला पाहिजे. घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल, तर त्याला तपासणीला न्यायला आयजीआरएच्या निकालाची वाटही पाहू नका.